कोऱ्या पत्र्यांना पांढरी बुरशी? तीही प्लास्टिकखाली झाकून ठेवलेल्या?

कातळावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमचं गावचं घर आहे. गोठ्याचं छप्पर बदलायचं म्हणून मेअखेरीस जीआयचे (लोखंडावर जस्ताचा थर दिलेले) ४० पन्हळी पत्रे आणले. १२ फुटी, ०.५० मिमी. सुतार "पावसाआधी उरकतो" म्हणता म्हणता पाऊस दारात आला. मग दोन पत्रे न्हाणीघरावर तात्पुरते टाकले आणि बाकीचा गठ्ठा मागच्या अंगणात चार चिऱ्यांवर आडवा ठेवला. वरून निळं प्लास्टिक चहूबाजूंनी गुंडाळलं, सुंभाने आवळलं. एक थेंब आत जायचा नाही अशी तजवीज करून मुंबईला परतलो.

गणपतीत जाऊन सोडलं. वरचा पत्रा आरशासारखा. दुसरा उचलायला गेलो तर उचलेना, तिसऱ्याला चिकटलेला. दोघांनी जोर लावल्यावर कर्रकन सुटला आणि आत बघतो तर पिठाची गिरणी! पन्हळीच्या खोलगट भागात पांढरी भुकटी, कडांना पोपडे. बोटाला खडूसारखी लागते. पुसलं तर काही ठिकाणी खाली काळपट डाग. आमचे काका लांबूनच बघून म्हणाले, "पत्र्याने बुरशी धरलीन."

डोकं फिरवणारी गोष्ट पुढेच आहे. न्हाणीघरावरचे ते दोन पत्रे तीन महिने कोकणातला अख्खा पाऊस खात उघडे पडलेत. त्यांना काहीही झालेलं नाही. फक्त चकाकी उतरलीय.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणतो, "साहेब, पावसाळ्यात होतंच ते. वर चढवा, आपोआप जाईल." हे नेमकं काय आहे, पत्रे वापरता येतील का, आणि खापर कोणावर फोडायचं, एवढंच सांगा.

सोलकढी

वाचतेय. आमच्या जस्ती बादलीच्या बुडाला असंच पांढरं यायचं. आई राख आणि काथ्याने घासायची. बुरशी नक्कीच नाही, बुरशीला वास येतो.

टिकाऊराम

पैसे परत मागा. ग्राहक मंचात जा. हे विक्रेते असेच असतात.

केटलवाला

थांबा, मंचात जाण्याआधी दोन शब्द. नागपूरकडे मनोऱ्यांचं स्टील गॅल्व्हनाइज करणाऱ्या, म्हणजे त्यावर जस्त चढवणाऱ्या कारखान्यात २० वर्षं काढली आहेत. ४५० अंशांच्या आसपास तापलेल्या जस्ताच्या हौदाला आम्ही केटल म्हणतो, म्हणून हे नाव. हा आजार दर पावसाळ्यात बघितलाय.

याला पांढरा गंज म्हणतात, शॉपफ्लोअरवर सरळ 'व्हाइट रस्ट'. लोखंडाचा नाही, वरच्या जस्ताचा गंज. आणि तुमच्या न्हाणीघरानेच तुम्हाला उत्तर दिलंय.

जस्त लोखंडाला वाचवतं म्हणून आपल्याला ते मठ्ठ वाटतं. प्रत्यक्षात ते लोखंडापेक्षा जास्त चळवळं आहे. त्याला जे वाचवतं ते त्याच्या अंगावर हळूहळू बसणारं कवच. नव्या पत्र्यावर आधी हवेतल्या ऑक्सिजनने झिंक ऑक्साइड होतं, ओल लागली की त्याचं हायड्रॉक्साइड, आणि मग हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून झिंकचं कार्बोनेट. हे शेवटचं करड्या रंगाचं, घट्ट बसणारं, पाण्यात सहसा न विरघळणारं. ते नीट बसायला सहा महिने ते वर्ष लागतं. त्यासाठी पत्रा भिजायला हवा, वाळायला हवा, पुन्हा भिजायला हवा, आणि सतत मोकळी हवा हवी. न्हाणीघरावर नेमकं तेच झालं. चकाकी उतरली म्हणताय ना, तेच कवच चढतंय.

गठ्ठ्यात काय झालं? दोन पत्रे एकावर एक बसले की मधे केसाएवढी फट राहते. तिथे पाणी ओढलं जातं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं. ते तिथून वाळत नाही आणि हवा आत येत नाही. कार्बन डायऑक्साइड नाही म्हणजे कार्बोनेट नाही, गाडी हायड्रॉक्साइडवरच अडकते. हे हायड्रॉक्साइड भुसभुशीत, अंगाला न धरणारं. त्याच्या आडून पाणी पुन्हा ताज्या जस्ताला भिडतं. जस्त खर्च होत राहतं आणि कवच काही बनत नाही.

तर तुम्ही पत्रे पावसापासून वाचवले आणि हवेपासूनही. पहिलं बरोबर, दुसरं घातक.

सोलकढी

हे इतकं छान समजावलंय की रसायनशास्त्राच्या सरांची आठवण आली. त्यांनी नव्हतं समजावलं, म्हणून.

कातळावरचा

केटलवाला साहेब, आभार. पण प्लास्टिक फाटलेलं नव्हतं. पाणी आलं कुठून?

जुना_खलाशी

मी सांगतो. न्हावाशेव्याला माल भरण्या-उतरवण्यात माझं आयुष्य गेलं. बंद कंटेनरमधून पाइप आणि कॉइल बाहेर काढताना लोक हेच विचारायचे, "कंटेनर तर सुका आहे!" बाबांनो, पाणी आतच असतं. भरताना हवा दमट, लाकडी पाट्या ओल्या. दिवसा तापलं की वाफ, रात्री छत गार पडलं की तीच वाफ थेंब होऊन खाली. आम्ही त्याला कंटेनरचा घाम म्हणायचो. म्हणून आत ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतात.

तुमच्या प्लास्टिकखाली अंगणातली जमीन होती. आषाढातल्या कोकणच्या जमिनीवर प्लास्टिकचा तंबू घालायचा म्हणजे घाम गाळायचं यंत्रच बसवायचं. शिवाय गठ्ठा आडवा. म्हणजे आत गेलेलं पाणी उतरून जायलाही वाट नाही.

पन्हळ

+१. आमच्याकडे (सांगली) लोखंडाच्या दुकानात पावसाळ्यात पत्रे उभे किंवा निदान एका टोकाला वीटभर उचलून ठेवतात. दर आठ-दहा पत्र्यांनंतर एक सुकी पट्टी. पट्टी ओल्या लाकडाची नको, ओलं लाकूड स्वतःच डाग पाडतं. आणि ताडपत्री टाकायची तर तंबूसारखी, दोन्ही तोंडं उघडी. अंगाला चिकटलेली नको.

विचारवंत_नाही

पण कंपनीतून येताना पत्र्याला कसलंतरी रसायन लावलेलं असतं ना, पिवळसर झाक असते ते? मग ते काय कामाचं?

केटलवाला

ते क्रोमेट. केटलमधून काम निघालं की ज्या पाण्यात विझवतात त्यात किंवा त्यानंतर ते देतात. मी लागलो तेव्हा डायक्रोमेटची टाकी होती, पिवळी धम्मक. ते षट्संयोजी क्रोमियम, कर्करोगाला कारण ठरणारं. हातमोजे न घालता टाकीत हात घालणाऱ्या एका जुन्या कामगाराच्या बोटांच्या पेरांवरची भोकासारखी व्रणं मी पाहिली आहेत. आता बऱ्याच ठिकाणी त्रिसंयोजी क्रोमियम किंवा क्रोमियम नसलेले लेप वापरतात.

पण हा लेप म्हणजे कारखान्यातून तुमच्या दारापर्यंतच्या प्रवासाचा रेनकोट आहे. काही आठवडे सांभाळतो. तीन महिने गठ्ठ्यात पाणी साचून राहिलं तर तो काय करणार?

टिकाऊराम

सोपा उपाय सांगू? फरशी धुवायचं ऍसिड घ्या, पाण्यात घालून एकदा फिरवा. आरशासारखे होतात. मी स्वतः केलंय.

केटलवाला

टिकाऊराम, नाव बदला बुवा. ते हायड्रोक्लोरिक ऍसिड. आमच्याकडे ज्या जॉबवरचं (वस्तूवरचं) गॅल्व्हनायझिंग बिघडलं असेल त्यावरचं जस्त पूर्ण काढून टाकायला आम्ही त्याच ऍसिडात जॉब बुडवतो. पांढरं जातं हे खरं, पण सोबत पत्रा ज्यासाठी विकत घेतला तेही जातं. फटीत उरलेलं क्लोराइड पुढे गंजाला आमंत्रण देतं ते वेगळंच. कृपया कोणी करू नये.

टिकाऊराम

माझे दोन वर्षांत लाल झाले खरे. मला वाटलं माल हलका होता.

फॅब्रिकेशनवाली

टिकाऊराम 😂

धागाकर्ते, मी चिपळूणला ग्रिल-गेटचं वर्कशॉप चालवते. आमची पद्धत सांगते. सगळ्यात आधी सगळे पत्रे सुटे करा आणि भिंतीला टेकवून उभे ठेवा. ऊन नसलं तरी चालेल, वारा हवा. निम्मं काम इथेच होतं, कारण वाळलं की गंज पुढे सरकत नाही. सुकं सुकं पांढरं नायलॉनच्या ताठ ब्रशने झाडून टाका. तारेचा ब्रश नको, तो चांगलं जस्तही खरवडतो.

हलक्या डागांना एवढंच पुरे. हलकं असेल तर छपरावर गेल्यावर पाऊस-वाऱ्याने उरलेलं हळूहळू कार्बोनेट होऊन बसतं. तेवढ्यापुरता तुमचा विक्रेता खरं बोलला. पण आधी सुटे न करता, न झाडता तसंच एकावर एक ओव्हरलॅप चढवलं तर ओव्हरलॅपच्या फटीत तीच गोष्ट पुन्हा सुरू होईल.

जिथे पोपडे आहेत तिथे स्वयंपाकघरातलं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस फडक्याने लावा, ब्रश फिरवा, आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. लावून चहाला जायचं नाही. धुऊन कोरडं पुसा. काळपट डाग राहतील, त्यांच्या मागे लागू नका. तो डाग म्हणजे जस्त संपलंय असं नाही. लाल-तपकिरी दिसलं तर मात्र खाली लोखंड उघडं पडलंय.

आणि खूण सांगते. नखाने खरवडून बघा. खडबडीत खड्डे लागले तर जस्त बरंच गेलंय. नुसता रंग बदललाय आणि हाताला गुळगुळीत आहे, तर तो पत्रा बिनधास्त वापरा.

कातळावरचा

ताई, काही पत्र्यांना खड्डे लागतायत. त्यांना काय? दुकानदार म्हणतो 'सिल्व्हर पेंट' मारा.

फॅब्रिकेशनवाली

अजिबात नाही. सिल्व्हर पेंट म्हणजे ऍल्युमिनियमच्या भुकटीचा रंग. चांदीसारखा दिसतो म्हणून लोक जस्ताचा समजून घेतात. तुम्हाला पाहिजे झिंक-रिच पेंट, बाजारात कोल्ड गॅल्व्हनायझिंग म्हणून मिळतं. डब्यावर सुक्या थरात जस्त ९० टक्क्यांच्या वर लिहिलंय का बघा. डबा उचलल्या उचलल्या कळतो, हाताला जड लागतो. तळाशी जस्त बसलेलं असतं, काठीने खरवडून नीट ढवळा, नाहीतर वरचं पाणीच लावून बसाल.

अजून एक. शोभेसाठी नेहमीचा ऑइलपेंट थेट जीआयवर मारू नका. जस्त आणि त्या रंगातलं तेल मिळून साबण होतो, अक्षरशः साबण. सहा-आठ महिन्यांत पापडासारखा सुटतो. आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला घट्ट धरणारं अस्तर, मग रंग. दर वर्षी दोन-तीन गेट माझ्याकडे या कारणाने परत येतात. दुसऱ्यांनी केलेले, हे आपलं सांगून ठेवते.

विचारवंत_नाही

एवढं करण्यापेक्षा गॅल्व्हॅल्यूम का नाही घेतलं? ५५ टक्के ऍल्युमिनियम, बाकी मुख्यतः जस्त. जीआयच्या कैक पट टिकतं म्हणतात.

पन्हळ

घराला, गोदामाला ठीक. पण धागाकर्त्यांचा गोठा आहे. शेण-मुताचा अमोनिया आणि दमट कोंदट हवा ऍल्युमिनियमला सोसत नाही. जनावरांच्या बंदिस्त शेडसाठी उत्पादक सहसा वॉरंटीच देत नाहीत. आणि गठ्ठ्यात पाणी साठलं तर गॅल्व्हॅल्यूमही वाचत नाही, ते पांढरं होण्याऐवजी काळं पडतं.

सोलकढी

गोठ्याचा विषय निघालाच आहे तर, ही पांढरी पूड गुरांनी चाटली तर?

केटलवाला

छपरावर आहे, गुरं तिथे पोचत नाहीत. पण चांगला प्रश्न आहे. झाडलेली पूड गोठ्यात किंवा चाऱ्याजवळ पडू देऊ नका, आणि उरलेल्या पत्र्याची गव्हाण करू नका. आंबट झालेलं आंबोण, ताक, चिंच हे सगळं जस्त विरघळवतं. जस्ती भांड्यात ताक ठेवू नये हे आपल्या आज्या सांगायच्या ते उगीच नव्हे.

हिशेबी

सगळे किती टिकेल म्हणताय, आकडे कोणी मांडत नाही. मी मांडतो.

पत्र्यावर 'जीएसएम' लिहितात ते दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त ते. १ मायक्रॉन जाडीचा जस्ताचा थर म्हणजे साधारण ७.१४ ग्रॅम. म्हणजे १२० जीएसएम असेल तर एका बाजूला ६० ग्रॅम, जेमतेम ८.४ मायक्रॉन. २७५ जीएसएम असेल तर १९ मायक्रॉन. तुलनेला, डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास.

आता समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत जस्त किती जातं? आयएसओ ९२२३ हे मानक गंजवण्याच्या जोराप्रमाणे हवेचे वर्ग पाडतं. त्यातला सी-४ वर्ग धरला तर वर्षाला २.१ ते ४.२ मायक्रॉन. मधला ३ घेतला तर १२० जीएसएमचा पत्रा तीन वर्षांच्या आत नागवा, २७५ चा सहा वर्षांच्या पुढे. आतल्या भागात, देशावरच्या कोरड्या हवेत हेच आकडे कितीतरी पट वाढतात. तेव्हा धागाकर्ते, पांढऱ्या गंजाने पाच मायक्रॉन खाल्ले असतील तर ते १२० च्या पत्र्याला मरण आहे, २७५ च्या पत्र्याला आजारपण. बिलावर काय लिहिलंय?

कातळावरचा

बिलावर नुसतं "जीआय पत्रा ०.५०". पण पत्र्यावरच्या छाप्यात २७५ दिसतंय. अर्धवट पुसलंय.

केटलवाला

मग नशीब चांगलं. हिशेबींच्या प्रतिसादाला सलाम, अगदी बरोबर.

खापराच्या प्रश्नाचंही बोलून टाकतो. जोडकाम करून मग केटलमध्ये बुडवलेल्या वस्तूंसाठी आयएसओ १४६१ आहे. त्यात असा डाग हा माल नाकारण्याचं कारण धरत नाहीत, फक्त खालची जाडी किमान मर्यादेच्या वर हवी. तुमचे पत्रे त्यात बसत नाहीत. पत्र्यांचं भारतीय मानक आयएस २७७. पण सरळ प्रश्न हा की माल तुमच्या अंगणात उतरला तेव्हा डाग होते का? उतरवताना गठ्ठा सोडून पाहिला होता का? नसेल तर मंचात तुमची बाजू लंगडी पडेल. आम्ही तर कारखान्यातून माल निघताना प्रत्येक बंडलचा फोटो ठेवायला लागलो होतो.

थंडगार

अवांतर, पण याच कुळातलं आहे म्हणून. एसी प्लँटच्या कूलिंग टॉवरवरही हाच पांढरा गंज येतो. तिथे दोष पावसाचा नसतो, पाण्याच्या सामूचा (पीएचचा) असतो. नवा जस्ती टॉवर पहिले काही आठवडे पीएच ७ ते ८ च्या दरम्यान, थोडं जड (क्षारांचं) पाणी ठेवून चालवायचा, मग त्याचं कवच बसतं. आमच्या एका साइटवर पहिल्याच दिवसापासून अल्कलीयुक्त ट्रीटमेंट सुरू केली. सहा महिन्यांत आत मेणाचे थर साचावेत तसे पांढरे ढीग. पत्रा असो की टॉवर, जस्ताचं बाळंतपण जपावं लागतं.

सोलकढी

"जस्ताचं बाळंतपण" 🙏

कातळावरचा

मंडळी, कबुलीजबाब.

केटलवाला साहेबांचा प्रश्न वाचून काल काकांना फोन केला. टेंपो आला त्या दिवशी मी बाजारात होतो, काकांनी उतरवून घेतला. काका सहज बोलून गेले, "वाटेत वळीव लागलान ना त्यांना. गठ्ठा उतरवताना एका टोकाकडून तांब्याभर पाणी सांडलं. मी म्हटलं, पत्रेच ते, पाण्यासाठीच आहेत."

म्हणजे टेंपोवर ताडपत्री नव्हती, पाणी तिथेच आत गेलं. आणि मी नंतर ते पाणी आतल्या आत राहील अशा बेताने प्लास्टिकमध्ये सीलबंद केलं. विक्रेत्याला हे सांगितलं. टेंपो त्यानेच पाठवला होता. बरीच घासाघीस होऊन पाच पत्र्यांचे पैसे वळते करायला तयार झाला. मंचाचा विषय मी संपवला.

फॅब्रिकेशनवाली

पाच म्हणजे बरेच दिले. आमच्याकडे चहा दिला असता.

कातळावरचा

शेवटचा हिशेब टाकतो, कोणाच्या कामी आला तर.

चार दिवस गेले. फॅब्रिकेशनवाली ताईंनी सांगितल्याप्रमाणे सगळे ३८ सुटे करून पडवीच्या भिंतीला उभे केले. ओळखीच्या इंजिनिअरकडून जाडी मोजायचं यंत्र आणलं, टेकवलं की टिक् करून आकडा दाखवणारं. न्हाणीघरावरचा पत्रा १८-१९. गठ्ठ्यातला डाग नसलेला भाग २०-२१. पांढरं झाडल्यावर राहिलेला काळा डाग, ज्याला बघून मी हाय खाल्ली होती, तिथे १५-१६! आणि जिथे नखाला खड्डे लागत होते तिथे कुठे ६, कुठे ३.

३८ पैकी २९ नुसत्या ब्रशने निभावले. सहांना खड्ड्यांच्या जागी झिंकचे दोन हात दिले, त्या बाजू खाली येतील असे बसवले. तीन पत्रे गठ्ठ्याच्या अगदी तळाचे होते, पाणी सगळं तिथे उतरलेलं. त्यांच्या पन्हळीत लाल ठिपके दिसायला लागलेत. ते बाजूला काढले. सुताराने भोकं पाडल्यावर पडलेला लोखंडी कीस लगेच झाडून घेतला, नाहीतर तोच वर गंजून डाग पाडतो असं त्याचंच म्हणणं.

हिशेबी

१५ उरले म्हणजे तुमचं वर्ष-दीड वर्ष गेलं. वाईट नाही. तळाच्या तीनांचं काय?

कातळावरचा

एक काकांनी लाकडांच्या रचणीवर टाकला. दोन कोंबड्यांच्या खुराड्यावर.

आणि काल काकांचा फोन. पुढच्या महिन्यात घराच्या पागोळीला लावायला म्हणून आठ पत्रे स्वतःच राजापूरहून घेऊन आलेत. म्हणाले, "टेंपोवर ताडपत्री घालायला लावली. आणि आल्या आल्या सगळे सुटे करून उभे केलेत. परत बुरशी नको."